मसीहाची वाट पाहणारे आपण

आठवीच्या वर्गात उर्दूचा धडा चालू होता. धड्यात ‘मसीहा’ हा शब्द आला. मी विचारले, याचा अर्थ कोण सांगेल? मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, “टीचर, मसीहा बोले तो लीडर. पोस्टरपे लिखेला रहता ना!” वर्ग हसला. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “नहीं टीचर, डॉक्टर. जो बीमार को अच्छा करता है.” दोघांचेही उत्तर मी फळ्यावर लिहिले, कारण दोघेही चुकले नव्हते.

मधल्या सुट्टीत ही गंमत मी शिक्षक खोलीत सांगितली. आमच्याकडे विज्ञान शिकवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई आहेत. डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, “आपा, आमच्याकडे मसीहा म्हणजे राजा.”

मी म्हटले, “राजा कसा? गादी नाही, फौज नाही, खजिना नाही. राहायला स्वतःचे घर नाही.”

त्या हसल्या. “हाच प्रश्न त्या रोमन सुभेदारालाही पडला होता.”

घंटा झाली, बोलणे तिथेच राहिले. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. नेता, डॉक्टर आणि राजा असे एकाच शब्दाचे तीन अर्थ. हजरत ईसा (अलै.) यांना आपण मानतो, त्यांचे नाव आदराने घेतो, आपल्या मुलांची नावे ईसा आणि मुलींची मरियम ठेवतो. पण शेजारच्या चर्चमध्ये बसणारा माणूस त्यांना ‘राजा’ का म्हणतो, हे समजून घेण्याचे कष्ट मी पंचेचाळीस वर्षांत घेतले नव्हते. ‘ते लोक त्यांना खुदाचा बेटा म्हणतात, आपण म्हणत नाही’ एवढ्यावर आपली माहिती सुरू होते आणि तिथेच संपते. म्हणून हा लेख. वाद घालण्यासाठी नाही. आधी समजून घेऊ, मग मतभेद सांगू आणि शेवटी थोडे स्वतःकडे पाहू.

मसह, अभिषेक आणि ख्रिस्त

मी भाषेची शिक्षिका आहे, म्हणून शब्दापासून सुरुवात करते.

आपण दिवसातून पाच वेळा वजू करतो. हात, तोंड, कोपर धुतो आणि मग ओला हात डोक्यावरून फिरवतो. त्याला आपण ‘मसह’ म्हणतो. म, स, ह ही तीन अक्षरे लक्षात ठेवा. अरबीत या धातूचा अर्थ हात फिरवणे, पुसणे, चोळणे. याच धातूची सख्खी बहीण हिब्रूत आहे. तिथे तिचा अर्थ तेल चोळणे, तेलाने माखणे. ज्याच्या डोक्यावर तेल ओतले तो ‘मशियाह’. त्याचेच ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. म्हणजे ‘ख्रिस्त’ हे काही येशूचे आडनाव नाही. ती पदवी आहे. मराठी बायबलात या पदवीसाठी शब्द येतो ‘अभिषिक्त’.

अभिषिक्त म्हटले की सातारकराला वेगळे काही सांगायची गरज उरत नाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांच्या डोक्यावर पाणी ओतले गेले आणि ते छत्रपती झाले. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. इथे पाणी, तिकडे जैतुनाचे तेल, एवढाच फरक. प्राचीन बनी इस्राईलमध्ये पैगंबराने एखाद्याच्या डोक्यावर तेल ओतले की तो राजा होई. तालूत, ज्यांना बायबल शौल म्हणते, असेच राजा झाले. त्यांच्यानंतर हजरत दाऊद (अलै.) असेच राजा झाले. तालूतची हकीकत आपल्याकडे सूरह बकराहमध्ये आहे. लोक कुरकुरतात की हा कसला राजा, याच्याकडे तर पैसाही नाही. उत्तर मिळते की निवड अल्लाहने केली आहे.

तेव्हा मसीहा म्हणजे राजा, हा अर्थ ख्रिस्ती लोकांनी मागून चिकटवलेला नाही. शब्दाच्या पोटात तो पहिल्यापासून आहे. विसरलो ते आपण. उर्दूने हा शब्द घेतला तो ईसांच्या चमत्कारांवरून. आंधळ्याला दृष्टी, कुष्ठरोग्याला आराम, अल्लाहच्या हुकुमाने मृताला जीव. त्यामुळे उर्दू शायरीत मसीहा हा आजार बरा करणारा, ज्याच्या फुंकरीने माणूस जिवंत होतो तो झाला. आपल्या काही जुन्या मुफस्सिरांनीही मसीह या शब्दाचा एक अर्थ ‘हात फिरवून रोग बरा करणारा’ असा लावला आहे. म्हणजे माझ्या वर्गातली ती मुलगी उर्दू परंपरेला धरून बोलत होती आणि आमच्या बाई हिब्रू परंपरेला धरून.

गादी गेलेल्या लोकांची आशा

राजाची वाट कोण पाहतो? ज्याचा राजा गेलेला असतो तो.

हजरत दाऊद यांना नाथान पैगंबराकरवी वचन मिळाले की तुझ्या वंशाची गादी कायम राहील, असे बायबल सांगते. पण इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या फौजेने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. दाऊदच्या वंशातल्या शेवटच्या राजाचे डोळे काढून त्याला साखळदंडात नेले. गादी संपली, वचन उरले. मग बाबेलचे, इराणचे, ग्रीकांचे आणि शेवटी रोमचे राज्य आले. जवळपास सहाशे वर्षे लोक मुलांना एकच गोष्ट सांगत राहिले, की दाऊदच्या घराण्यातला एक अभिषिक्त येईल आणि आपले दिवस पालटतील.

माझे माहेर सातारा. राजवाडा म्हणजे आम्हा मुलांना भेळेच्या गाड्यांची जागा. अब्बा मात्र तिथून जाताना एक गोष्ट हमखास सांगत. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे दारे ठोठावत राहिले. १८४८ मध्ये तर दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा झाले. १८५७ मध्ये साताऱ्यात कट उघडकीस आला, लोक फाशी गेले, पण रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. अब्बा म्हणत, “बेटा, गादी जाती है तो लोग बरसों दरवाजे की तरफ देखते रहते हैं.” बनी इस्राईलची ती सहाशे वर्षे मला समजली ती अब्बांच्या या वाक्यामुळे.

ही वाट आजही संपलेली नाही. यहुदी म्हटले की आपल्याला फक्त टीव्हीवरचे इस्रायल दिसते. पण कोकणात, अलिबागच्या बाजूला शेकडो वर्षे मराठी बोलणारे बेने इस्राईल राहिले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात. आपल्याकडे दर्ग्यात मलिदा चढवतात, शब्द तोच. एलियाहू हा मसीहाच्या आधी येऊन वर्दी देणारा, अशी यहुद्यांची श्रद्धा. म्हणजे तेल गाळणारा आपला एक मराठी समाज तेलाने अभिषेक झालेल्या राजाची वाट पाहत होता. यहुद्यांच्या मते तो राजा अजून यायचा आहे. ख्रिस्ती म्हणतात, तो आला होता, तुम्ही ओळखला नाही. या दोन धर्मांतला सगळ्यात मोठा फरक हाच.

आला तो कसा आला

ओळखला का नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

लोकांना हवा होता रोमनांना हाकलून देणारा राजा. इंजीलमध्ये एक प्रसंग आहे. येशूने हजारो लोकांना जेवू घातल्यावर गर्दी त्यांना बळजबरीने राजा करायला निघते. ते एकटेच डोंगरावर निघून जातात. पुढे ते जेरुसलेममध्ये शिरतात ते घोड्यावरून नाही, गाढवाच्या शिंगरावर बसून. लोक झावळ्या हलवून स्वागत करतात. आपले ख्रिस्ती शेजारी ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा रविवार म्हणून पाळतात, तो याच आठवणीत. राजा गाढवावर बसून येईल, असे जखऱ्या पैगंबराने आधीच सांगून ठेवले होते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मग अटक होते. रोमन सुभेदार पिलात विचारतो, तू राजा आहेस का? येशूच्या उत्तराचा आशय असा, की माझे राज्य या जगातले नाही, असते तर माझी माणसे लढली असती. शिपाई थट्टेने काट्यांचा मुकुट घालतात. वधस्तंभावर तीन भाषांत पाटी लागते की हा यहुद्यांचा राजा. थट्टेसाठी लावलेली ती पाटी ख्रिस्ती माणूस खरी मानतो. त्याच्या दृष्टीने तोच सिंहासनाचा क्षण. राजाने प्रजेसाठी जीव दिला. प्रजेने राजासाठी जीव देणे ही जगाची रीत आहे, इथे ती उलटी झाली. त्याच्या आदल्या रात्री याच राजाने शिष्यांचे पाय धुतले होते.

आमच्या बाईंनी नंतर मला समजावले ते असे, “आपा, राजा म्हणजे ज्याचे ऐकायचे तो. आम्ही त्यांना राजा म्हणतो म्हणजे दुसऱ्या कुणाला तेवढे मोठे मानत नाही.” हे वाक्य मला फार ओळखीचे वाटले. आपण ‘ला इलाह’ म्हणतो तेव्हा पहिल्यांदा हेच करतो ना? बाकी सगळ्यांना त्या जागेवरून खाली उतरवतो.

१९२५ मध्ये पोप पायस अकरावे यांनी ‘ख्रिस्त राजा’चा सण सुरू केला. काळ पाहा. इटलीत मुसोलिनीची सत्ता पक्की होत होती, युरोपभर लोक राष्ट्राला आणि नेत्याला देवाच्या जागी बसवू लागले होते. अशा वेळी कॅथलिक चर्चने वर्षातला एक दिवस ठरवून सांगितले की अखेरचे राज्य या पुढाऱ्यांचे नाही. गोव्यात, वसईत आणि जिथे जिथे कॅथलिक आहेत तिथे हा सण आजही होतो.

साताऱ्यातला एक दरबार

या श्रद्धेला मराठी रूप देणारा माणूस आमच्या साताऱ्यात राहून गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत त्यांच्या कविता आपण सगळ्यांनी पाठ केल्या. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. घरदार तुटले. पुढे पत्नी लक्ष्मीबाईही त्यांच्याबरोबर आल्या. ती सगळी कहाणी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. अजून वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. इतके प्रांजळ मराठी गद्य मी दुसरे वाचलेले नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्यात त्यांनी एक मंडळ काढले, त्याचे नाव ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानायचे. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक वारले.

उर्दू शिकवणारी म्हणून ‘दरबार’ या फारसी शब्दापाशी मी थांबते. टिळक ‘मंदिर’ म्हणू शकले असते, ‘सभा’ म्हणू शकले असते. पण छत्रपतींच्या राजधानीत, जिथला दरबार उठून सत्तर वर्षे झाली होती, तिथे त्यांनी ‘दरबार’ हाच शब्द उचलला. आणि या दरबारात मानकरी नव्हते, नजराणे नव्हते, परका कोण आणि आपला कोण असे विचारणारा चोपदार दारात नव्हता. ख्रिस्ती माणूस ‘राजा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असते, हे मला या एका नावात सापडले. ज्या राजाकडे जायला मध्यस्थ लागत नाही, असा राजा.

त्याच्याही आधी तीनशे वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ छापले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात आदमपासूनची जुनी कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पहिला भाग म्हणजे वाट पाहणे, दुसरा म्हणजे येणे. मराठी भाषेला ही गोष्ट चारशे वर्षांपासून माहीत आहे. आपण तिला परकी, विलायती म्हणतो ते आपल्या अज्ञानामुळे.

आपले म्हणणे काय

आता मतभेद. तो लपवून केलेली मैत्री टिकत नाही.

कुरआनात ‘अल-मसीह’ हा शब्द ११ वेळा येतो आणि दर वेळी हजरत ईसांसाठीच. म्हणजे ते मसीह आहेत, हे आपल्यालाही मान्य. पण कुरआन त्यांना राजा म्हणत नाही. रसूल म्हणतो, बंदा म्हणतो, मरियमचे पुत्र म्हणतो. राजेपण अल्लाहचे. सूरह फातिहात तो निवाड्याच्या दिवसाचा मालिक आहे, सूरह नासमध्ये तो सगळ्या माणसांचा बादशहा आहे. ईसांना सुळावर चढवले गेले हेही कुरआन मान्य करत नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले असे सांगतो. तेव्हा वधस्तंभ हेच सिंहासन, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती गोष्ट आपण मानू शकत नाही. हा फरक किरकोळ नाही आणि तो किरकोळ आहे असे म्हणणे दोन्ही धर्मांचा अपमान होईल.

पण आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. ईसा पुन्हा येणार, हे आपणही मानतो. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांतल्या हदीसनुसार ते न्यायी हाकिम म्हणून उतरतील. म्हणजे एका अर्थाने आपणही त्याच माणसाच्या न्यायाची वाट पाहत आहोत. चर्चमधला माणूस आणि मशिदीतला माणूस एकाच रस्त्याकडे डोळे लावून बसले आहेत. दोघे एकमेकांकडे पाहतात ते मात्र संशयाने.

राजेपणाविषयी आपल्या पैगंबरांचे (स.) वर्तनही आठवावे. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की राजा-नबी व्हायचे की बंदा-नबी, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी बंदा होणे निवडले. जो माणूस स्वतःला शहेनशाह म्हणवतो त्याचे ते नाव अल्लाहला सर्वात नावडते, असेही त्यांनी सांगितले. इ. स. ६३७ च्या सुमारास हजरत उमर (रजि.) जेरुसलेमला गेले तेव्हा एकच उंट होता. ते आणि नोकर आळीपाळीने बसत होते, आणि शहर आले तेव्हा पाळी नोकराची होती, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच शहरात एक जण गाढवावरून शिरले, दुसरे उंटाचा दोर धरून पायी. सत्तेकडे पाहण्याची ही दृष्टी दोघांची वेगळी आहे, असे मला तरी वाटत नाही.

राजाच्या नावाने

मग बिघडते कुठे? बिघडते ते अनुयायांपाशी. राजाने जे नाकारले तेच त्याच्या नावाने हिसकावून घेण्यात.

गाढवावरून आलेल्या त्या राजाचे नाव घेत जुलै १०९९ मध्ये क्रुसेडचे सैनिक जेरुसलेममध्ये घुसले आणि त्यांनी मुसलमानांची व यहुद्यांची कत्तल केली. हे आपण नेहमी सांगतो. पण आपल्या घरातलेही सांगितले पाहिजे. २० नोव्हेंबर १९७९ रोजी, हिजरी १४०० च्या पहिल्या सकाळी, काही हत्यारबंद लोकांनी थेट काबागृहाचा ताबा घेतला. आपल्यातलाच एक जण महदी आहे, असा त्यांचा दावा होता. जिथे मुंगी मारायची मनाई, तिथे दोन आठवडे गोळ्या चालल्या, शेकडो जीव गेले. येणाऱ्याची वाट पाहवेना म्हणून त्यांनी त्याला स्वतःच तयार केले.

असे लोक थोडे असतात. आपण बाकीचे वेगळ्या प्रकारे चुकतो. आपण वाट पाहत नुसते बसतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव भडकला, मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण मारला गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद होते. साताऱ्याहून भावाचा फोन आला. तो बोलत होता कमी, थांबत होता जास्त. शेवटी म्हणाला, “आपला कोणी वाली राहिला नाही गं.” त्या रात्री अनेक घरांत हेच वाक्य बोलले गेले असेल. मला त्याचा राग आला नाही. घाबरलेला माणूस वाली शोधणारच.

पण त्यानंतर आपण काय केले? निवडणूक आली, पोस्टर लागली. कुणी ‘कौम का मसीहा’, कुणी ‘गोरगरिबांचा मसीहा’. आपण हार घातले, घोषणा दिल्या. माझ्या वर्गातल्या मुलाला मसीहाचा अर्थ तिथूनच कळला. पाच वर्षांनी हार दुसऱ्याच्या गळ्यात पडेल. वस्तीतली गटार तशीच, दहावीनंतर शाळा सोडणारी मुले तशीच, आणि शेजाऱ्याशी बोलणे बंद ते बंदच. मसीहा येईल आणि करील. हजरत ईसांना बळजबरीने राजा करायला निघालेल्या गर्दीत आणि आपल्यात मला फार फरक दिसत नाही. त्या गर्दीलाही भाकरी मिळाली होती आणि उद्याची भाकरी देणारा कायमचा कोणीतरी हवा होता.

मिरजेतला मसीहा

माझे सासर मिरज. सासऱ्यांचे पोटाचे मोठे ऑपरेशन तरुणपणी ‘मिशन हॉस्पिटल’मध्ये झाले होते. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर दुवा मागायची आणि मिशनमध्ये ऑपरेशन करून घ्यायचे, ही मिरजेची जुनी रीत. हे हॉस्पिटल उभारणारे डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये कॅनडाकडून इकडे आले. आधी सांगलीत दवाखाना, मग १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल. चाळीस-एक वर्षे ते राबले. आज मिरजेची ओळख दवाखान्यांचे गाव अशी आहे, तिची सुरुवात तिथे आहे.

ते मिशनरी होते. धर्मप्रसाराचा हेतू नव्हता असे कोण म्हणेल? पण एवढे खरे की ज्याला त्यांनी राजा मानले त्याची वाट पाहत ते हात जोडून बसले नाहीत. हातात शस्त्र घेतले तेही चिरफाडीचे. माझे सासरे त्या हॉस्पिटलचा विषय निघाला की म्हणत, “उन लोगों ने पहले पेट देखा, फिर नाम पूछा.” माझ्या वर्गातल्या मुलीचा अर्थ, मसीहा म्हणजे डॉक्टर, मिरजेत असा जमिनीवर उतरला.

आमच्या बाईंना मी विचारले, “तुमचा राजा पुन्हा येणार ना? मग तोवर तुम्ही काय करायचे?” त्यांनी येशूने सांगितलेला एक दाखला ऐकवला. मालक परगावी जातो आणि घर नोकरांवर सोपवतो. परत येईल तेव्हा तो एकच पाहणार, की मी नसताना तुम्ही घरातल्यांना वेळेवर जेवू घातले की नाही. मी त्यांना आपली हदीस सांगितली. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमले तर ते लावून टाका. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आपा, हे तर सारखेच झाले.”

सारखे आहे की नाही हे आलिम ठरवतील. मी एवढेच म्हणते की, राजा कोण याबद्दल आमच्या दोघींचे एकमत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण तो येईपर्यंत काय करायचे, याबद्दल मतभेद असायचे कारण मला दिसत नाही. पुसेसावळीच्या बातमीनंतर शाळेत मला पहिल्यांदा “भाऊ कसे आहेत?” असे विचारणाऱ्या याच बाई होत्या. त्यांच्याकडे पद नाही, पोस्टर नाही. मला त्या दिवशी मसीहा नको होता, ते एक वाक्य हवे होते.

पुढच्या डिसेंबरात तुमच्या गावातल्या चर्चवर तारा लटकेल. तुमच्या ओळखीत एखादे ख्रिस्ती कुटुंब असेल तर जा. केक खा, आणि विचारा, तुम्ही त्यांना राजा का म्हणता? त्यांचे पूर्ण ऐकून घ्या. मग आपण त्यांना मसीह कसे मानतो ते सांगा, वजूतला मसह दाखवून सांगा. सोमवारी वर्गात मी फळ्यावर तिसरा अर्थ लिहिणार आहे, ‘राजा’. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारणार आहे, राजा येईपर्यंत आपण काय करायचे?